बिन, बेन, बेनी, बेने: आपल्या कागदांतला एक जुना घरगुती शब्द



आपल्या बहुतेक घरांत एखादी पत्र्याची ट्रंक किंवा कपाटातला एखादा खण जुन्या कागदांचा असतो. अलिबाग, पेण, रोहा, मुरूडकडच्या जमिनीचे उतारे, एखादं खरेदीखत, लग्नाचा केतुबा, पणजोबांचं नोकरीचं पत्र. त्यांत दोन नावांच्या मध्ये एक छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कुठे तो 'बिन' असा लिहिलेला असतो, कुठे 'बेन'. समाजाचं नाव असेल तिथे 'बेने', आणि जुन्या इंग्रजी कागदांत 'बेनी'. ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. अर्थ एकच, मुलगा किंवा मुलं.

हा शब्द नीट ओळखता आला नाही तर काय होतं ते मी घरातच पाहिलं. मी आता मुलीकडे दुबईत अल क्वोजला राहते. नातू मराठी वाचतो, पण शाळेत शिकलेलं. त्याने एक जुना उतारा हातात घेतला आणि विचारलं, "आजी, ह्या माणसाला वडील नव्हते का?" कागदावर 'मुसाजी बिन आबाजी' अशा धर्तीचं नाव होतं. त्याला 'बिन' म्हणजे 'शिवाय' एवढंच माहीत. बिनपगारी, बिनचूक, बिनधास्त. म्हणून त्याने वाचलं, आबाजीशिवायचा मुसाजी! जो शब्द बापाचं नाव जोडण्यासाठी लिहिला, त्यानेच पोराच्या डोक्यात बाप काढून टाकला. आपण म्हातारी माणसं आहोत तोवर हे सांगून, लिहून ठेवायला हवं.

जुन्या मराठी कागदांतला 'बिन'

मराठीत 'बिन' दोन आहेत. एक 'विना'शी नातं असलेला, म्हणजे 'शिवाय'. दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेने दप्तरात आलेला, म्हणजे 'चा मुलगा'. मोडी लिपीतल्या वतनाच्या, जमिनीच्या, महसुलाच्या कागदांत माणसाचं नाव, मग 'बिन', मग बापाचं नाव अशी पद्धत होती. ती फक्त आपल्यासाठी नव्हती. मराठा, कुणबी, माळी, सगळ्यांच्या कागदांत हा 'बिन' सापडतो. गंमत अशी की एकाच जमिनीच्या कागदात 'बिनशेती' हा शब्दही असतो आणि 'अमुक बिन अमुक' हेही असतं. पहिल्याचा अर्थ 'शेतीशिवाय', दुसऱ्याचा 'मुलगा'. ओळखायची खूण सोपी आहे. 'बिन' दोन माणसांच्या नावांमध्ये सुटा आला तर तो मुलगा. दुसऱ्या शब्दाला चिकटून आला तर 'शिवाय'.

त्याच्याच जोडीचा दुसरा शब्द 'वलद'. हा मुसलमानांच्या नावांत जास्त दिसतो, पण लिहिणारा कारकून असायचा, त्यामुळे आपल्या माणसांच्या कागदांतही दोन्हींपैकी काही सापडू शकतं. अरबीत 'वलद' म्हणजे मूल, मुलगा. हिब्रूतला 'येलेद' त्याचाच भाऊ. अरबीत बाळंतपणाला 'विलादा' म्हणतात आणि हिब्रूत सुईणीला 'मेयालेदेत'. सगळी एकाच मुळाची पोरं. मी जन्मभर नर्सिंग केलं, म्हणून मला ही जोडी फार आवडते.

बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव जोडताना 'कोम' किंवा 'भ्रतार' लिहायचे. तेव्हा आजी-पणजीचा शोध घेताना 'बिन' न शोधता हे शब्द शोधा.

पुढे छापील फॉर्म आले आणि 'बिन' गळाला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव अशी महाराष्ट्रातली पद्धत आपणही घेतली. सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे नाव वाचताना सॅम्युएल आणि एझिकेलच्या मध्ये तो न लिहिलेला 'बेन' असतोच. अनेक कुटुंबांनी दिवेकर, पेणकर, रोहेकर ही गावाची आडनावं सोडून आजोबांचं नावच आडनाव केलं. त्यामुळे कोण कोणाचा मुलगा हे कळायला जुना 'बिन' लिहिलेला कागद आज जास्त कामाचा आहे.

हिब्रूतला 'बेन'

हिब्रूत 'बेन' म्हणजे मुलगा, 'बत' म्हणजे मुलगी. अनेक मुलगे असले की 'बानीम', आणि पुढे कोणाचे ते सांगायचं असेल तर 'बेने'. म्हणून 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची मुलं. इस्राएल हे आपल्या याकोब बाबांचं दुसरं नाव. म्हणजे हे नाव एका घराण्याचं आहे, देशाचं नाव नंतर आलं. आपल्या मुलांच्या 'बार मित्स्वा'तला 'बार' हाही मुलगाच, फक्त तो आरामी भाषेतला.

तोरात हा शब्द किती जिव्हाळ्याने येतो ते पाहायचं तर उत्पत्तीचा ३५वा अध्याय काढा. राहेलला कठीण बाळंतपण होतं आहे. सुईण तिला धीर देते, भिऊ नकोस, हाही तुला मुलगाच आहे. त्या धीराच्या बोलण्यात 'बेन' आहे. राहेल जाता जाता बाळाचं नाव 'बेन-ओनी' ठेवते, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. याकोब ते बदलून 'बिन्यामीन' करतो, म्हणजे उजव्या हाताचा मुलगा. आपल्यातल्या प्रत्येक बेंजामिनच्या नावात हा 'बिन' पहिल्यापासून बसलेला आहे.

मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, तोरापुढे बोलावताना माणसाला बापाच्या नावाने बोलावतात, अमुक बेन अमुक. पण आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आईचं नाव घेतात, अमुक बेन अमुकबाई. ११६व्या स्तोत्रात गाणारा स्वतःची ओळख आईवरून देतो, त्याचा आधार यासाठी सांगितला जातो. वॉर्डात केसपेपरवर आम्ही बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लिहायचो, आणि त्याच खाटेवरच्या माणसासाठी घरचे लोक आईच्या नावाने प्रार्थना करायचे. म्हणून सांगते, आईचं, आजीचं हिब्रू नावही लिहून ठेवा. अडचणीच्या वेळी फोनवर फोन करून 'मावशीचं हिब्रू नाव काय होतं गं' असं विचारत बसावं लागतं.

'बेने' की 'बेनी'?

हिब्रूत 'बेने' लिहायला तीन अक्षरं लागतात, बेत, नून, योद. अरबीत 'बनी' लिहितानाही तीच तीन येतात, बा, नून, या. अक्षरं तीच, उच्चार वेगळा. जुने इंग्रज लेखक आपल्याला कधी 'बेनी इस्राएल' लिहीत, कधी 'बेने इस्राएल'. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन, ज्यांनी आपल्या लोकांसाठी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं, त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणात 'बेनी' दिसतं. पुढे 'बेने' रूढ झालं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास 'बेने इस्राएल' याच नावाने आहे. आजच्या इस्राएलमध्ये हाच शब्द एका दमात 'ब्ने' असा म्हणतात. १९२४ मध्ये वसलेलं 'ब्ने ब्राक' हे शहर त्याचंच उदाहरण.

मग 'बेनी' चुकीचं का? तसं म्हणता येत नाही. बेत, नून, योद ही तीन अक्षरं खालच्या खुणा बदलून 'बेनी' अशीही वाचतात, आणि तेव्हा अर्थ होतो 'माझा मुलगा'. निर्गमच्या चौथ्या अध्यायात परमेश्वर मोशेला फारोकडे पाठवतो, तिथे तो इस्राएलला आपला मुलगा, आपला थोरला म्हणतो. तिथे हाच 'बेनी' आहे. म्हणजे 'बेने इस्राएल' म्हटलं की बोलणारी मुलं असतात, आणि 'बेनी' म्हटलं की बोलणारा बाप असतो. साहेबांनी काही हा विचार करून स्पेलिंग केलं नव्हतं, पण अर्थ वाईट नाही.

एक शब्द मात्र वेगळा ठेवा. कोकणात, घाटावर लावणीसाठी ठेवलेल्या उसाच्या, हळदीच्या बियाण्याला 'बेणं' म्हणतात. त्याचा आणि 'बेने'चा संबंध नाही. छापताना 'बेणे इस्राएल' झालं तर ती छपाईची चूक समजावी.

या नावाने जीव वाचला म्हणतात

गावात आपल्याला शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. पण आपण स्वतःला बेने इस्राएल म्हणत होतो. मुसलमान शेजाऱ्यांना हे नाव परकं नव्हतं. कुराणात 'बनी इस्राईल' वारंवार येतं, आणि १७व्या सुऱ्याचं एक नावच 'बनी इस्राईल' आहे.

सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर, इंग्रजांच्या फौजेत होते. टिपू सुलतानाशी लढाई झाली तेव्हा ते कैद झाले. आपली परंपरा सांगते की जात विचारली तेव्हा त्यांनी 'बेने इस्राएल' असं उत्तर दिलं. टिपूच्या आईने हे नाव कुराणात ऐकलेलं होतं, पण अशी माणसं पाहिली नव्हती, म्हणून तिने रदबदली केली आणि जीव वाचला. कैदेत केलेल्या नवसाप्रमाणे त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला शाआर हाराहमीम बांधलं. तीच आपली 'जुनी मशीद'. तिथल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे, आणि मस्जिद स्टेशनचं नावही या मशिदीवरून पडलं असं सांगतात. कहाणीत थोडी भर पडली असेलही. पण 'आम्ही अमक्याची मुलं' हे दोन शब्द संकटात ओळखपत्रासारखे चालले, एवढं तिच्यातून कळतं.

आणि याच नावाने दारं बंदही झाली

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती आपल्यातल्या अनेकांनी भोगली आहे. आपली माणसं इस्राएलला गेली आणि १९६०च्या सुमारास त्यांच्या लग्नांना अडथळे येऊ लागले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढले. बेने इस्राएल वर किंवा वधू असेल तर आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. बाकी कुठल्या समाजाचं नाव त्यात नव्हतं. जे नाव 'इस्राएलची मुलं' असं सांगतं, त्याच नावाच्या माणसांना तुम्ही कोणाची मुलं असं विचारलं गेलं. आपले लोक यरुशलेमला धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. त्यानंतर त्या आदेशांतून आपल्या समाजाचं नाव काढून मजकूर सर्वसाधारण केला गेला.

त्या दिवसांत ज्यांच्या घरी 'अमुक बेन अमुक' आणि 'अमुक बत अमुक' असं स्पष्ट लिहिलेला केतुबा होता, त्यांना दाखवायला काहीतरी होतं. ज्यांचे कागद पावसात भिजले किंवा रद्दीत गेले, त्यांना म्हाताऱ्यांच्या साक्षीवर राहावं लागलं. जुना कागद टाकू नका असं मी का म्हणते, ते यावरून समजेल.

अल क्वोजमध्ये रोज दिसणारा शब्द

इथे राहायला आल्यावर हा शब्द मला रस्त्यावर भेटतो. शेख मोहम्मद बिन झायेद रोड म्हणजे झायेदचा मुलगा मोहम्मद याच्या नावाचा रस्ता. बायकांच्या नावात 'बिन्त' येतं, म्हणजे आपलं 'बत'. इथलं राज्य करणारं घराणं 'बनी यास' या टोळीतलं, म्हणजे यासची मुलं. त्याच बनी यासमधला एक गट १८३३ मध्ये दुबईत येऊन स्थिरावला. 'बेने इस्राएल' आणि 'बनी यास', दोन्ही नावांची घडण हुबेहूब सारखी. इथल्या कोणा वयस्क माणसाला 'आम्ही बनी इस्राईल' म्हटलं की अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गावांच्या नावांतही घरातली माणसं आहेत. अबू धाबीतला 'अबू' म्हणजे बाप. आमच्या शेजारच्या उम्म सुकैममधला 'उम्म' म्हणजे आई, हिब्रूतली 'एम'. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. 'अल क्वोज'मधला 'अल' हा फक्त नामाआधी लागणारा शब्द आहे, त्याला घराण्याचा अर्थ नाही. क्वोज म्हणजे वाळूची टेकडी. पण 'आल मक्तूम'मधला लांब 'आ'चा 'आल' म्हणजे घराणं. इंग्रजीत दोन्ही सारखेच लिहितात, देवनागरीत मात्र आपल्याला फरक दाखवता येतो.

सप्टेंबर २०२० मध्ये इस्राएल आणि अमिरात यांचा करार झाला. २०२३ मध्ये अबू धाबीला सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात उघडली. सिनेगॉगचं नाव 'मोझेस बेन मैमोन'. म्हणजे मैमोनचा मुलगा मोशे, आपले रामबाम. अरबीत त्यांनाच 'मूसा बिन मैमून' म्हणतात. ते मोठे वैद्य होते, १२०४ मध्ये इजिप्तमध्ये वारले. त्यांच्या एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख आहे, की त्यांना लिहिलेली तोरा माहीत नाही, पण ते शब्बाथ आणि सुंता पाळतात. हा उल्लेख आपल्याच पूर्वजांचा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ज्यांच्या नावात 'बेन' आहे त्यांनी बेने इस्राएलांची दूरवरून एवढी नोंद घेतली, हे वाचून मला बरं वाटलं.

कागद वाचताना आणि ठेवताना

१. जुनं स्पेलिंग सुधारू नका. नक्कल करताना कागदावर 'बेनी' असेल तर 'बेनी'च लिहा, 'बिन' असेल तर 'बिन'. खाली वेगळ्या ओळीत आजच्या भाषेत अर्थ लिहा.

२. शोधताना सगळी रूपं शोधा. बेने, बेनी, बनी, इस्राएल, इस्राईल, इस्रायल. त्याशिवाय यहुदी, ज्यू, तेली, शनवार तेली हेही.

३. नावांची घरगुती रूपं एकमेकांशेजारी लिहून ठेवा. सामाजी म्हणजे सॅम्युएल, मुसाजी म्हणजे मोझेस, आबाजी म्हणजे अब्राहाम. कागदावर एक आणि कबरीवर दुसरं नाव असलं तर नातवंडांना ती दोन माणसं वाटतात.

४. मोडी कागद ज्याला वाचता येतो त्याच्याकडून आताच वाचून घ्या, आणि 'बिन', 'वलद', 'कोम' कुठे आहेत तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायला सांगा. शाईने नको.

५. फॉर्म भरताना गोंधळू नका. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला तो 'ज्यू' समाजाला. सरकारी रकान्यात तेच लिहा. 'बेने इस्राएल' हे आपलं घराण्याचं नाव, ते घरच्या नोंदीत जपा.

६. एका वहीत प्रत्येकाचं नाव चार प्रकारे लिहा. रोजचं नाव, हिब्रू नाव बापासह, हिब्रू नाव आईसह, आणि कागदांवरचं नाव. मुली आणि सुना विसरू नका. त्यांच्यासाठी 'बत' लिहा.

माझ्या नातवाला मी तो उतारा पुन्हा वाचायला दिला आणि सांगितलं, इथल्या रस्त्यावरच्या पाटीवर जो 'बिन' आहे ना, तोच हा. मग त्याने स्वतःच्या नावापासून सुरुवात केली आणि बोटं मोजत मागे पाच 'बिन'पर्यंत गेला. सहाव्याला अडला, कारण ते नाव मलाही तोंडपाठ नव्हतं. ते नवगावच्या आमच्या एका वयस्क नातेवाईकांना माहीत आहे. पुढच्या आठवड्यात त्यांना फोन लावायचा आहे. तुम्हीही तुमच्याकडच्या सर्वांत वयस्क माणसाला फोन लावा, आणि वही जवळ घेऊन बसा.